बिल्ला उलटा करून पाहा

टोपीवरचा लष्करी बिल्ला समोर आला, की मुरलेला संग्राहक आधी तो उलटा करतो. नकलाकार दर्शनी बाजूवर जीव ओततो. मागच्या बाजूला त्याचा आळस उघडा पडतो.

दोन्ही महायुद्धांतले साध्या ब्रिटिश शिपायांचे बहुतेक धातूचे बिल्ले पातळ पत्र्यावर ठसा मारून पाडलेले असत. त्यामुळे पुढे सिंहाची आयाळ जिथे उठून दिसते, तिथे मागे खळगा असतो. स्वस्तातली नक्कल बहुधा ओतीव. अस्सल नगावरून साचा घेऊन धातू ओतला, की थंड होताना तो आकसतो. नक्कल जराशी लहान भरते, बारीक रेघा बोथट होतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात.

टोपीच्या खाचेत सरकवायची उभी पट्टी, म्हणजे स्लायडर, हा पुढचा साक्षीदार. तिच्यावर जे. आर. गाँट या नामांकित कंपनीचे नाव दिसले, की नवखा निर्धास्त होतो. पण ते नावसुद्धा बनावट पट्ट्यांवर उमटवले गेले आहे. त्याहून चकवणारी जात वेगळीच: काही मूळ ठसे युद्धानंतरही टिकले आणि त्यांवरून पुन्हा बिल्ले पाडले गेले. ठसा अस्सल, बिल्ला मात्र पन्नास-साठ वर्षांनी धाकटा! इथे ओतकामाची कसोटी चालत नाही. पट्टीची जडण, धातूचा रंग आणि झीज बघावी लागते.

मुकुटाची कसोटी सोपी. 1901 ते 1952 या राजांच्या काळात बिल्ल्यांवर घुमटाकार कमानींचा ट्यूडर मुकुट असे. एलिझाबेथ राणीच्या काळात मधोमध खोलगट कमानींचा सेंट एडवर्ड मुकुट आला. तो मिरवणारा बिल्ला कुणी दुसऱ्या महायुद्धातल्या डंकर्कचा म्हणून विकत असेल, तर बोलणेच खुंटले. उलट बाजूने मात्र हा नियम लागू नाही. 2022 मध्ये चार्ल्स राजाने पुन्हा ट्यूडर धाटणीचा मुकुट निवडला.

युद्धातल्या टंचाईनेही खुणा ठेवल्या. रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटच्या बिल्ल्यावरचे काळवीट पांढऱ्या धातूचे आणि खालची पट्टी पितळी असे. 1916 च्या काटकसरीत सगळा बिल्ला पितळी झाला. दुसऱ्या महायुद्धात तर थेट प्लास्टिक आले, तपकिरी किंवा रुपेरी-करडे. मागे दुमडायची दोन धातूची पाती, आणि कित्येकांवर वॉल्सॉलच्या स्टॅन्ली कंपनीचे नाव. शिपायांना ते आवडत नसत. 1942 पासून नवे रंगरूट आधी जनरल सर्व्हिस कोअरमध्ये भरती होत, त्या कोअरचा बिल्लाही प्लास्टिकमध्ये निघाला.

नकलांचा सुळसुळाट नामांकित पलटणींभोवती असतो. 1941 मध्ये उभ्या राहिलेल्या एसएएस या ब्रिटिश कमांडो तुकडीच्या टोपीवरचा युद्धकाळातला बिल्ला कापडावर भरतकाम केलेला होता. धातूचा 'वाळवंटातला एसएएस बिल्ला' दिसला, की खिशावर हात ठेवावा.

रॉयल डब्लिन फ्युजिलियर्सचा बिल्ला मुंबईकरांच्या कुतूहलाचा. पेटत्या हातगोळ्यावर वाघ आणि हत्ती, दोघेही हिंदुस्थानातल्या लढायांतून आलेले. ही आयरिश पलटण 1881 मध्ये रॉयल मद्रास आणि रॉयल बॉम्बे फ्युजिलियर्स जोडून घडली. बॉम्बेवाल्यांचे मूळ ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या गोऱ्या शिपायांत. एप्रिल 1915 मध्ये गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरताना तिची दाणादाण उडाली आणि 1922 मध्ये ती बरखास्त झाली. त्यानंतर तिचा बिल्ला अधिकृतपणे पाडण्याचे कारणच उरले नाही. अस्सल नग मोजके, गिऱ्हाईक दांडगे, म्हणून बनावट माल उदंड.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या अनेक घरांतले पुरुष या दोन्ही युद्धांत होते. तुमच्या घरच्या जुन्या पेटीत पणजोबांचा बिल्ला सापडला, तर ब्रासो लावून तो चकचकीत करू नका. पॉलिशबरोबर जुनी काळपट झाक जाते आणि नग अस्सल आहे हे सांगणारा एक पुरावाही कमी होतो.