टर्मिनलमधील इशारा-संदेश

लिनक्सच्या आज्ञापटलावर (टर्मिनलवर) इतर मजकुरातून उठून दिसतील असे केलेले सावधानतेचे संदेश. यामागे एस्केप संकेतमालिका असतात. एक्मा-४८ या मानकाने (१९७६) त्यांची व्याख्या केली आणि डिजिटल कंपनीच्या व्हीटी-१०० टर्मिनलने (१९७८) त्या रूढ केल्या. ते टर्मिनल एकरंगी असल्याने ठळक, अधोरेखित व उलट छटेवर भागत असे. आज एस्केप वर्ण, डावा चौकटी कंस, ३३ आणि एम एवढ्याने अक्षरे पिवळी होतात. ३१ ने तांबडी. शेवटी शून्याचा संकेत दिला नाही, तर पुढचा सारा मजकूर त्याच रंगात वाहत जातो. संकेत हाताने लिहिण्यापेक्षा टीपुट ही आज्ञा बरी, कारण ती टर्मिनलची क्षमता पाहून संकेत देते.

इशारा मानक त्रुटी-प्रवाहात (क्रमांक २) पाठवावा, म्हणजे मुख्य फलित फाइलमध्ये वळवले तरी तो पडद्यावर दिसतो. तो प्रवाहही फाइलकडे वळवलेला असल्यास रंग वगळावा. जीसीसी संकलक ४.९ आवृत्तीपासून (२०१४) इशारे जांभळट रंगात दाखवू शकतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पिवळे अक्षर जवळजवळ वाचताच येत नाही आणि अनेक रंगांधांना तांबडा-हिरवा भेद कळत नाही. म्हणून रंगासोबत ‘इशारा’ हा शब्द छापलाच पाहिजे.