‘जबाबदार प्रौढ’ कोण? गांजाच्या वैधीकरणाचा युक्तिवाद आणि त्याची विस्मृत संहिता

जबाबदार प्रौढांपुरते गांजाचे सेवन कायद्याने मान्य करावे, ही मागणी भारतात आज मुख्यतः महानगरी सुशिक्षितांच्या परिभाषेत मांडली जाते. बंगळूर हे तिचे एक केंद्र आहे. तेथील ‘ग्रेट लीगलायझेशन मूव्हमेंट इंडिया ट्रस्ट’ या संस्थेने 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका करून गांजाविषयक दंडात्मक तरतुदींना आव्हान दिले. या मागणीतील ‘जबाबदार प्रौढ’ ही व्यक्तिरेखा होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून नाव पडलेल्या एचएसआर लेआउटसारख्या वसाहतीत सहज कल्पिता येते. महाराष्ट्रातून येऊन तेथे भाड्याच्या सदनिकेत राहणारा, नोकरी चोख करणारा, स्वतःच्या बऱ्यावाईटाची जाण असलेला संगणक-अभियंता हा तिचा नमुना होय. या युक्तिवादात बळ आहे; मात्र त्याचा नायक भारतीय संहितांत प्रथम अवतरला तो या वेषात नव्हे. ही वंशावळ दृष्टीआड झाली, तर युक्तिवादाचा नैतिक आधारच अरुंद होतो.

या वंशावळीचा एक आरंभबिंदू गोव्यात सापडतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात भांगेवर स्वतंत्र संवाद आहे. भांगेच्या परिणामांविषयी ओर्ता आपल्या चाकरांचा हवाला देतो: ती घेतल्यावर श्रम जाणवत नाहीत, मन प्रसन्न राहते, भूक लागते. येथे सेवन करणारा कष्टकरी आहे आणि त्याचा अनुभव ज्ञानाचे साधन म्हणून ग्रंथात येतो. त्याला वेडा किंवा गुन्हेगार ठरवण्याची घाई ओर्ताला नाही.

तीन शतकांनंतर हाच कष्टकरी साम्राज्याच्या दप्तरात आला. मार्च 1893 मध्ये ब्रिटिश संसदेत विल्यम केन यांनी बंगालमधील गांजासेवनाविषयी प्रश्न उपस्थित केला. परिणामी जुलैमध्ये भारतीय भांग-गांजा आयोग नेमला गेला आणि चौकशीची व्याप्ती सर्व हिंदुस्थानापर्यंत वाढली. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते. सात सभासदांपैकी तिघे भारतीय होते. मात्र त्यांत मराठी भाषक कोणीही नव्हता. आयोगाने 1,193 साक्षी नोंदवल्या. मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीच्या संदर्भात अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याचा उल्लेख या दप्तरात येतो.

1894 च्या अहवालाचा निष्कर्ष सर्वश्रुत आहे. मर्यादित सेवनाने व्यवहारतः अपाय होत नाही. अतिसेवन घातक असते. संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. त्याहून महत्त्वाची आहे ती आयोगाची वाचनपद्धती. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांत वेडाचे कारण म्हणून सर्रास ‘गांजा’ लिहिलेले असे. आयोगाने त्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांतील अनेकांना पुरावाच नसल्याचे दिसून आले. रूढ आख्यानाच्या पाठीशी असलेली नोंद पुन्हा वाचणे हे मूलतः पाठचिकित्सेचेच कार्य होय. या चिकित्सेतून ‘मर्यादशील सेवनकर्ता’ ही कोटी सिद्ध झाली. तिच्यात शेतमजूर, गोसावी, फकीर असे सारे सामावले होते, आणि कसोटी होती ती वर्तनाची. जात, शिक्षण वा मिळकत यांची नव्हे. आयोगाने सुचवलेले उपायही नियमनाचे होते: पुरेसा कर, परवान्यानेच लागवड, दुकानांच्या संख्येवर आणि बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा.

स्वातंत्र्योत्तर काळात ही संहिता मागे पडली. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारात सुटी पाने ‘गांजा’च्या व्याख्येबाहेर राहिली. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985 यानेही तीच वाट धरली. एकाच झाडाचे पान कायद्याबाहेर आणि फुलोरा कायद्याच्या कक्षेत, अशी विभागणी झाली. भांग या अधिनियमाखाली येत नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका जामीनप्रकरणात म्हटले, ते याच व्याख्येच्या आधारे. गांजाचे सेवन मात्र कलम 27 नुसार सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरते.

हा दंड प्रत्यक्षात कोणावर पडतो? केंद्र शासनाच्या 2019 च्या सर्वेक्षणानुसार वर्षभरात गांजा किंवा चरस घेणाऱ्यांची संख्या सुमारे 1.3 कोटी होती. मुंबईतील 2017 आणि 2018 च्या दहा हजारांहून अधिक प्रकरणांचा ‘विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी’ने अभ्यास केला. त्यांतील बहुसंख्य प्रकरणे वैयक्तिक सेवनाची आणि गांजाशी निगडित होती, तर आरोपींत रोजंदारीवर जगणारे व झोपडपट्टीत राहणारे लोक मोठ्या प्रमाणावर होते. ओर्ताचा चाकर आणि आयोगाचा मजूर येथे आरोपी म्हणून पुन्हा भेटतात. बंद दाराआड राहू शकणारी सदनिका ज्याच्यापाशी नाही, त्याचे सेवन रस्त्यावर, पोलिसांच्या नजरेसमोर घडते.

वैधीकरणाविरुद्धचे आक्षेप गंभीर आहेत. आजच्या काही वाणांची तीव्रता 1894 च्या साक्षीदारांना ठाऊक नव्हती. कोवळ्या वयातील सेवन, मनोविकाराचा धोका आणि वाहन चालवताना होणारे अपघात हे प्रश्न त्या अहवालाच्या आधारे निकालात काढता येत नाहीत. थायलंडने 2022 मध्ये पुरेशा नियमांविना निर्बंध उठवले आणि 2025 मध्ये पुन्हा वैद्यकीय उपयोगापुरती मर्यादा घातली. जर्मनीने 2024 मध्ये केवळ प्रौढांना, ठरावीक प्रमाणात बाळगण्याची मुभा दिली. हे आक्षेप नियमनाची गरज सिद्ध करतात. सेवनकर्त्याला तुरुंगात धाडण्याची नव्हे. महाराष्ट्रात मद्यासाठी वयाची अट आणि परवाना यांची व्यवस्था आहेच. म्हणजे जबाबदार प्रौढ ही कल्पना येथील कायद्याला अपरिचित नाही; गांजाच्या बाबतीत तिचा स्वीकार तेवढा झालेला नाही.

मराठीत ‘गांजेकस’ हा शब्द आज शिवीच्या अंगाने वापरला जातो. आळस, बेभरवसा आणि हीन वर्ग यांची छटा त्याला चिकटलेली आहे. त्याच सेवनासाठी ‘जबाबदार प्रौढ’ हे सन्माननाम एचएसआर लेआउटमधील अभियंत्याला मिळावे आणि ‘गांजेकस’ हे हेटाळणीनाम नाक्यावरच्या मजुराच्या वाट्याला यावे, हा भाषेतला भेद कायद्याच्या अंमलबजावणीतही दिसतो. वैधीकरणाची मागणी न्याय्य ठरायची असेल, तर 1894 च्या आयोगाची वर्तनाची कसोटी तिला पुन्हा स्वीकारावी लागेल, आणि आपल्या नायकाच्या जागी प्रथम त्या मजुराला उभे करावे लागेल.