केबिन बॅग (स्वस्त विमानसेवेतील)

केबिन बॅग : विमानप्रवासात प्रवाशाने स्वतःजवळ ठेवायचे, डोक्यावरच्या कप्प्यात किंवा पुढच्या आसनाखाली मावणारे सामान. घरोघरी हिला हँडबॅग किंवा ‘हातातली बॅग’ म्हणतात. काउंटरवर वजन करून सोपवायचे आणि उतरल्यावर पट्ट्यावरून उचलायचे ते चेक-इन सामान. भारतातील देशांतर्गत उड्डाणांत इकॉनॉमी वर्गाच्या प्रवाशाला साधारणपणे 7 किलोची एक केबिन बॅग आणि 15 किलो चेक-इन सामान नेता येते. त्यापुढच्या प्रत्येक किलोला पैसे पडतात. सर्वांत स्वस्त तिकिटात तर हे 15 किलोही धरलेले असतातच असे नाही. प्रस्तुत नोंदीत या मर्यादा, त्यांमागची कारणे, शुल्काची घडण आणि अंबरनाथ पश्चिमेहून निघणाऱ्या प्रवाशाने करायची तयारी यांची माहिती दिली आहे.

मर्यादा : वजन आणि आकार या दोन्ही कसोट्या बॅगेला एकाच वेळी लागू होतात. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज 115 सेंमी.च्या आत असावी, हे भारतातील रूढ माप आहे. इंडिगो ते 55 × 35 × 25 असे मांडते, एअर इंडिया 55 × 40 × 20 असे. बेरीज एकच येते. मापात चाके, मूठ आणि बाहेरचे खिसे धरले जातात. 7 किलोमध्ये रिकाम्या बॅगेचे वजनही मोजले जाते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चाकांची कडक ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलोंची असते, म्हणजे सामानाला उरतात जेमतेम चार किलो. कापडी सॅक किलोभराची असते, म्हणून तीत दीड-दोन किलो अधिक बसते.

लॅपटॉपची पिशवी किंवा बायकांची पर्स यांबाबत कंपन्यांचे नियम वेगळे आहेत. इंडिगो अशा एका पिशवीला वेगळे 3 किलो देते, तर काही कंपन्या ती 7 किलोंतच धरतात. सुरक्षेचा नियम याहून निराळा आहे. पर्ससारखे ठरावीक अपवाद सोडून प्रवाशाजवळ एकच हातातली बॅग असावी, असे नागरी विमान सुरक्षा ब्यूरोचे 2000 सालचे परिपत्रक सांगते. जानेवारी 2022 मध्ये या नियमाची कडक अंमलबजावणी करण्याच्या सूचना पुन्हा निघाल्या. एक्स-रे यंत्रापुढच्या रांगा लांबतात, हे त्याचे कारण होते.

कारणे : स्वस्त कंपन्यांच्या ताफ्यातील एअरबस ए-320 जातीच्या विमानात 180 किंवा त्याहून थोडे जास्त प्रवासी बसतात. प्रत्येकाची चाकांची बॅग डोक्यावरच्या कप्प्यात मावत नाही. जागा शोधण्यात चढण्याचा वेळ वाढतो, आणि या कंपन्यांचे गणित तर उतरलेले विमान अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उडवण्यावर बेतलेले असते. कप्प्यातून घसरलेली जड बॅग खाली बसलेल्याला जखमी करू शकते. लहान शहरांकडे जाणाऱ्या एटीआर-72 विमानांचे कप्पे आणखी अरुंद असल्याने ए-320 मध्ये सहज बसणारी बॅग तेथे बऱ्याचदा शिडीपाशीच काढून घेतली जाते. म्हणजे मर्यादेला खरी कारणे आहेत. शुल्काला मात्र उत्पन्नाचेही कारण आहे.

इतिहास : कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने 2003 मध्ये भारतात स्वस्त विमानसेवा सुरू केली. 2005 मध्ये स्पाइसजेट आणि 2006 मध्ये इंडिगो आली. भाडे कमी ठेवायचे आणि जेवणासारख्या गोष्टींचे पैसे वेगळे घ्यायचे, ही रीत यांनी रुजवली. 2015 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, काही सेवा तिकिटापासून वेगळ्या करून विकण्यास परवानगी दिली. अशी सेवा प्रवाशाने स्वतः निवडायची, आपोआप त्याच्या माथी मारायची नाही, ही त्यातली अट होती. जून 2016 मध्ये 15 ते 20 किलोंमधल्या जादा वजनाला किलोमागे 100 रुपयांची कमाल मर्यादा घालण्यात आली; 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. फेब्रुवारी 2021 मध्ये फक्त केबिन बॅग घेऊन जाणाऱ्यांना भाड्यात सवलत देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. 2024 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसने याच धर्तीवर चेक-इनविना ‘लाइट’ भाडे आणले.

परदेशात हा प्रवास आणखी पुढे गेला आहे. अमेरिकेतील स्पिरिट कंपनीने ऑगस्ट 2010 पासून कप्प्यात ठेवायच्या बॅगेलाही शुल्क लावले. युरोपातील रायनएअरने नोव्हेंबर 2018 पासून साध्या तिकिटावर आसनाखाली मावेल एवढीच पिशवी मोफत ठेवली. वाजवी वजन-आकाराचे हातसामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, असे युरोपीय न्यायालयाने 2014 मध्ये म्हटले होते. त्या भूमिकेच्या आधारे स्पेन सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये पाच कंपन्यांना मिळून सुमारे 17.9 कोटी युरोंचा दंड ठोठावला. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. सर्व कंपन्यांसाठी एकच माप असावे म्हणून आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने जून 2015 मध्ये 55 × 35 × 20 हा आकार सुचवला, पण टीका होताच काही दिवसांत तो बाजूला ठेवला. त्यामुळे प्रत्येक तिकिटाचे माप वेगळे वाचण्याला आजही पर्याय नाही.

शुल्काची घडण : जादा वजनाची किंमत ते कधी विकत घेतले यावर ठरते. तिकीट काढताना किंवा उड्डाणाआधी संकेतस्थळावरून घेतलेले वजन स्वस्त पडते. काउंटरवर तेच महागते. बोर्डिंग गेटपाशी, विमानात चढण्याच्या रांगेत पकडली गेलेली बॅग सर्वांत महाग, कारण तेव्हा प्रवाशाजवळ ना वेळ असतो ना दुसरा मार्ग. 

सर्वांत जास्त फसगत दोन वेगळ्या तिकिटांच्या प्रवासात होते. अमेरिकेहून मुंबईला येताना बहुधा 23 किलोच्या दोन बॅगा चालतात, पण पुढचे नागपूर किंवा गोव्याचे तिकीट वेगळे काढले असेल तर त्याला 15 किलोंचाच नियम लागतो. लंडनला मोठ्या कंपनीने जाऊन तिथून स्वस्त विमानाने युरोप बघणाऱ्यालाही हाच अनुभव येतो. सगळ्या टप्प्यांतली सर्वांत कमी मर्यादा हीच आपली मर्यादा समजावी.

अंबरनाथ पश्चिमेहून : अंबरनाथ हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर उल्हासनगर आणि बदलापूर यांच्या मधले स्थानक. पूर्वेला शिलाहारकालीन शिवमंदिर, तर पश्चिमेला आयुधनिर्माणीची वसाहत आणि जुन्या काडेपेटी कारखान्याची आठवण जपणारा विम्को नाका. येथून मुंबई विमानतळ दूर आहे आणि वाट बदल्यांची आहे. लोकलने घाटकोपर, तेथून मेट्रो 1 ने मरोळ नाका, मग मेट्रो 3 ने टर्मिनल 1 किंवा टर्मिनल 2, असा पूर्ण रुळांवरचा मार्ग ऑक्टोबर 2024 पासून उपलब्ध झाला. कर्जतहून किंवा बदलापूरहून येणाऱ्या भरलेल्या गाडीत बॅग घेऊन शिरण्यापेक्षा अंबरनाथहूनच सुटणारी लोकल पकडावी आणि सकाळची गर्दी टाळावी. नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून उड्डाणे सुरू झाली. तिकडे जाताना काटई नाका, शिळफाटा हा रस्ता जवळचा. तिकीट काढतानाच कोणता विमानतळ आणि कोणते टर्मिनल हे नीट वाचावे.

लोकलमध्ये हातातली पिशवी कोणी तोलत नाही. आयुष्यभर त्याच सवयीने प्रवास केलेल्या माणसाला काट्यासमोरचा पहिला प्रसंग फार लागतो. सर्वांदेखत बॅग उघडावी लागते, मुलीसाठी बांधलेला डबा बाहेर काढावा लागतो. ही वेळ टाळता येते, म्हणूनच पुढची माहिती.

खाऊ आणि इतर वस्तू : सुक्या खोबऱ्याची वाटी केबिन बॅगेत किंवा चेक-इनमध्ये ठेवू नये. तेलाच्या अंशामुळे खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची गणना होते. ओटीचा अख्खा नारळही एरवी केबिनमध्ये चालत नाही. 2024-25 च्या हंगामात शबरीमलाच्या यात्रेकरूंना त्यासाठी खास सूट द्यावी लागली होती. आंतरराष्ट्रीय उड्डाणात हातातल्या बॅगेत प्रत्येक द्रव 100 मिली.च्या आत असावा लागतो. तूप, तेलातले लोणचे, श्रीखंड आणि चटणी हेही त्यातच येतात, म्हणून ते चेक-इनमध्ये घट्ट बांधावेत. बाळाचे अन्न आणि प्रवासात लागणारी औषधे यांना सूट असते. औषधांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी. अमेरिकेकडे जाताना 350 मिली.हून अधिक पूड केबिनमध्ये असल्यास 2018 पासून वेगळी तपासणी होते, म्हणून मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला चेक-इनमध्येच बरा. सुरी आणि विळी चेक-इनमध्ये ठेवावी. याउलट पॉवर बँक नेहमी केबिनमध्येच हवी. ऐन वेळी हातातली बॅग काढून घेतली गेली, तर पॉवर बँक, औषधे, दागिने आणि कागदपत्रे आधी बाहेर काढावीत.

तयारी : लटकता डिजिटल काटा असल्यास उत्तम. नसल्यास माणसे तोलायच्या काट्यावर आधी बॅग हातात घेऊन आणि मग बॅगेशिवाय उभे राहावे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे बॅगेचे वजन. दोन काट्यांत थोडा फरक पडतोच, म्हणून घरी साडेसहा किलोंवर थांबावे. जाड कपडे आणि जड बूट अंगावर घालावेत. रिकामी बाटली नेऊन पाणी तपासणीनंतर भरावे, त्याने लिटरमागे एक किलो वाचतो. परतीचे वजनही आधीच धरावे, कारण परतताना पिशवी भरतेच. देशांतर्गत काउंटर बहुधा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. सामान मागेपुढे करायला त्याआधीचा वेळ हाताशी हवा.

भाड्याची तुलना बॅगेसह करावी. समजा एक तिकीट 4,000 रुपयांचे आणि बॅगेविना, दुसरे 4,600 रुपयांचे आणि 15 किलोंसह. बॅग न्यायचीच असेल आणि तिचे आगाऊ शुल्क 600 रुपयांहून जास्त असेल, तर दुसरे तिकीटच स्वस्त.

तक्रार : शुल्क चुकीचे लावले असे वाटल्यास पावती मागून घ्यावी आणि काट्यावरच्या आकड्याचे छायाचित्र काढावे. आधी कंपनीकडे लिहावे, मग केंद्र सरकारच्या एअरसेवा संकेतस्थळावर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. नियम माहीत नसल्याचा भुर्दंड बहुधा पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यालाच पडतो. वजनाची मर्यादा तिकिटावर भाड्याच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत आणि मराठीत छापली गेली, तर तो पडण्याचे कारण उरणार नाही. तोपर्यंत ज्याला ठाऊक आहे त्याने निघणाऱ्याची बॅग आदल्या रात्री तोलून द्यावी.