साठीनंतरचा अभ्यास : राज्यशास्त्राचे प्राध्यापक आणि धाराशिव

धाराशिव जिल्ह्यात १९२५ च्या सुमारास जन्मलेला माणूस पूर्ण आयुष्य जगला असेल, तर आपल्या घराचा उंबरठा न ओलांडता तो चार राज्यांत राहिला. जन्माला आला तो सातव्या निजामाच्या रियासतीत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या वाटेने नळदुर्गास येऊन पोहोचले आणि चार दिवसांनी निजामाची सत्ता संपली. तेव्हा तो भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्याचा नागरिक झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे गाव द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. पुढे १९८२ साली जिल्ह्याचे दोन भाग होऊन लातूर वेगळा झाला आणि २०२३ साली जिल्ह्याचे 'उस्मानाबाद' हे नावही पालटून 'धाराशिव' झाले. राज्य म्हणजे काय, सत्ता कोठून येते, प्रजा आणि नागरिक यांत अंतर कोणते, हे प्रश्न इतरत्र विद्यार्थी ग्रंथांतून शिकतात. या जिल्ह्यात ते माणसांच्या अंगावरून गेले आहेत.

असे असूनही या प्रश्नांचा शास्त्रशुद्ध अभ्यास येथे फार उशिरा आला. ज्यांनी तो आणला, त्या राज्यशास्त्राच्या अध्यापकांच्या कार्याकडे आपण क्वचितच पाहतो. आणि ते निवृत्त झाले की मुळीच पाहत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाचे मुख्य पीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ. त्याची स्थापना १९१८ ची. तेथे सर्व आधुनिक विद्या उर्दूतून शिकवल्या जात आणि त्यासाठी पाश्चात्त्य ग्रंथांची भाषांतरे करणारा स्वतंत्र विभाग उभारण्यात आला होता. एका भारतीय भाषेतून पदवीपर्यंतचे शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र धाराशिव, नांदेड वा बीडकडील मराठी मुलाच्या दृष्टीने ती भाषा घरची नव्हती. शिवाय वर्गात राज्यशास्त्र शिकायचे आणि वर्गाबाहेर लोकांना जबाबदार असे सरकार कोठे दिसायचे नाही, ही विसंगती तरुणांना जाचत होती. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्या पंखाखाली घेतले. त्यापूर्वीच या जिल्ह्यातील हिप्परगा गावच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ यांनी अध्यापन केले होते. नागरिकत्वाचा पहिला धडा आपल्या भागात महाविद्यालयात नव्हे, तर एका खेड्यातील शाळेत गिरवला गेला.

याच उस्मानिया विद्यापीठात इतिहास व राज्यशास्त्र या विभागाचे प्रमुख होते प्राध्यापक हारून खान शेरवानी. जन्म १८९१ चा, मूळ अलीगढकडील, उच्च शिक्षण इंग्लंडमध्ये. अध्यापनाच्या काळात त्यांनी मुस्लिम राजकीय विचार आणि राज्यव्यवस्था यांवर ग्रंथ लिहिला, तसेच बहामनी वजीर महमूद गवान याचे चरित्रही सिद्ध केले. दोन्ही पुस्तके १९४२ सालची. परंतु त्यांचे खरे मोठे काम नोकरी संपल्यानंतरचे आहे. बहामनी राज्यावरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली आला. डॉ. पु. म. जोशी यांच्यासमवेत संपादिलेला मध्ययुगीन दख्खनचा दोन खंडांचा इतिहास १९७३-७४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि कुतुबशाहीचा इतिहास १९७४ मध्ये. तेव्हा त्यांचे वय त्र्याऐंशी वर्षांचे होते. १९६९ साली त्यांना पद्मभूषण देण्यात आले आणि १९८० साली त्यांचे निधन झाले.

शेरवानींचा आणि धाराशिवचा संबंध काय, असे कोणी विचारील. परंड्याचा किल्ला पाहावा. तो महमूद गवानाने बांधविला, असे परंपरा सांगते. या वजिराने बहामनी राज्याच्या चार मोठ्या प्रांतांचे आठ भाग केले आणि प्रत्येक सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे किल्ले थेट सुलतानाच्या अधिकाराखाली आणले. सत्ता एका हाती साठली की ती बंडाकडे वळते, म्हणून ती वाटून द्यावी आणि वर अंकुश ठेवावा, हे सूत्र त्याने ओळखले होते. ज्यांचे अधिकार कमी झाले ते सरदार त्याच्यावर उलटले; बनावट पत्राच्या आधारे कारस्थान रचले गेले आणि १४८१ साली सुलतानाच्या आज्ञेने या विश्वासू सेवकाचा शिरच्छेद झाला. परंड्याच्या तटावर सहलीला गेलेल्या मुलांना आपण तोफा दाखवतो. पण किल्ल्याची मालकी कोणाकडे असावी, या एका प्रश्नावरून राज्ये टिकली आणि मोडली, हे त्यांना सांगायचे असेल तर राज्यशास्त्र जाणणारा इतिहासकार हवा. शेरवानी तसे होते. परप्रांतातून आलेला हा प्राध्यापक निवृत्तीनंतर दख्खनच्या मातीचा अभ्यासक म्हणून राहिला, हे विशेष.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न बदलले. १९५२ च्या सुमारास या जिल्ह्यातील स्त्री-पुरुषांनी प्रौढ मताधिकाराने प्रथमच मत दिले. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे तालुक्यातालुक्यांतून महाविद्यालये निघाली. आता किल्ल्यांऐवजी जिल्हा परिषदा, सुभेदारांऐवजी सभापती. १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर खेड्यांतील सत्ता कोणाच्या हाती जात आहे, याचा शोध पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक व. मं. सिरसीकर यांनी घेतला. सातारा, अकोला आणि आपल्या मराठवाड्यातील औरंगाबाद या तीन जिल्ह्यांतील पुढाऱ्यांचा अभ्यास करून त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. मते सर्वांची असली तरी पदे बहुधा जमीनदार, सुस्थित घरांकडेच जात होती, हे त्यातून दिसून आले. सिरसीकरांनी ग्रंथालय सोडून माणसांना प्रश्न विचारले. महाराष्ट्रातील राज्यशास्त्राला त्यामुळे पायाखालची जमीन मिळाली. आधुनिक महाराष्ट्राच्या राजकारणावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ तर १९९५ साली, म्हणजे अध्यापन थांबल्यावर, बाहेर पडला.

आपल्या शेजारच्या सोलापुरात १९३१ साली जन्मलेले य. दि. फडके हे याच विद्येचे प्राध्यापक. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९७९ चा आहे. त्यानंतर त्यांनी हाती घेतले ते 'विसाव्या शतकातील महाराष्ट्र' हे अफाट काम. पहिला खंड १९८९ साली आला आणि २००८ च्या जानेवारीत त्यांचे निधन होईपर्यंत हे लेखन त्यांच्या सोबतीला होते. जुनी वृत्तपत्रे, पत्रव्यवहार, सरकारी कागद यांतून एकेक घटना पारखून घ्यायची आणि पुराव्यावाचून कोणाची थोरवी वा निंदा स्वीकारायची नाही, ही त्यांची शिस्त होती. २००० साली बेळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तो राज्यशास्त्राच्या अभ्यासकाचा मराठी साहित्याने केलेला सन्मान होता. त्यानंतर वीस वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, हेच संमेलन धाराशिव नगरीत भरले आणि अध्यक्षस्थानी होते आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. फडके आणि दिब्रिटो यांचे मार्ग भिन्न. पण समाजाच्या प्रश्नांवर निर्भयपणे लिहिणे हेही साहित्यिकाचे कर्तव्य आहे, हे दोघांनीही आपल्या लेखणीने दाखवून दिले. दिब्रिटो २०२४ साली आपल्यातून गेले.

नागपूर विद्यापीठातील प्राध्यापक भास्कर लक्ष्मण भोळे यांचेही स्मरण येथे अगत्याचे आहे. भारतीय शासन आणि राजकारण या विषयावरील त्यांचे मराठी लेखन महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी वाचले. इंग्रजी न येणाऱ्या खेड्यातील मुलाला राज्यघटना त्याच्या भाषेत समजली पाहिजे, हा त्यामागील आग्रह. उतारवयात त्यांनी एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचे दोन खंड साहित्य अकादमीसाठी संपादित केले. २००९ साली ते निवर्तले.

या चौघांच्या आयुष्यात एक समान सूत्र आहे. नोकरीत असताना प्राध्यापकाला अभ्यासक्रम शिकवावा लागतो आणि तो बहुधा इतरांनी ठरविलेला असतो. प्लेटो, हॉब्ज, राज्यघटनेची कलमे, वर्षाकाठी तपासायचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, यांतच दिवस जातात. साठाव्या वर्षी हजेरीपुस्तक मिटते आणि मग आपल्या मनातील प्रश्नाला वेळ मिळतो. ज्याच्याजवळ असा प्रश्न असतो, त्याचा अभ्यास तेथून सुरू होतो. ज्याच्याजवळ नसतो, त्याची केवळ सेवा संपते. संत गोरोबाकाकांचे तेर गाव याच जिल्ह्यातले. थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर ठोकून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, हे त्यांनी संतांच्या मेळ्यात सांगितले, अशी कथा आहे. मडक्याची पारख आव्यातून बाहेर पडल्यावरच होते. प्राध्यापकाच्या विद्येचेही तसेच आहे.

आता धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब येथील महाविद्यालयांकडे पाहू. २००४ पासून विद्यापीठाचे उपकेंद्रही धाराशिवला आहे. या महाविद्यालयांतून राज्यशास्त्र शिकविलेली पहिली पिढी कधीच निवृत्त झाली आणि दुसरीही होत आली. त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाहीत. परंतु ज्यांच्या आजोबांनी कधी मत दिले नव्हते, अशा मुलांना त्यांनी मूलभूत हक्क समजावून सांगितले. पुष्कळांनी निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रांवर काम केले, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे घेतली. १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमीची कामे त्यांनी पाहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर परिसरातील गावे नव्या जागी वसताना कोणाला काय मिळाले, हेही पाहिले. लोकांच्या गरजा, पुढाऱ्यांचे शब्द आणि शासनाचे आदेश यांचा मेळ कोठे बसला व कोठे बसला नाही, याचे ज्ञान त्यांच्याइतके कोणाजवळ आहे?

हे ज्ञान कागदावर न उतरताच विझत आहे, हा खरा तोटा आहे. १९४८ साली जे जाणत्या वयाचे होते ते आता जवळजवळ कोणी उरले नाहीत. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती ज्यांना ठाऊक आहेत, ते अध्यापकही ऐंशीच्या घरात आले. रझाकारांच्या काळात कोणत्या गावी कोणी कोणाला आश्रय दिला, पहिल्या निवडणुकीत स्त्रिया मतदानास कशा आल्या, पहिली पंचायत समिती कोणाच्या वाड्यात ठरली, या गोष्टी हैदराबादच्या किंवा मुंबईच्या दप्तरात पूर्णपणे सापडणार नाहीत. त्या लिहिल्या नाहीत तर उद्या ज्याचा आवाज मोठा, तो म्हणेल तोच इतिहास ठरेल. शेजाऱ्याविषयी द्वेष पसरविणाऱ्या कहाण्या अशाच मोकळ्या जागेत रुजतात. फडक्यांनी पुराव्याचा एवढा आग्रह का धरला, याचे उत्तर येथे आहे.

यासाठी फार मोठ्या साधनांची गरज नाही. महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आपल्या गावातील एखाद्या निवृत्त प्राध्यापकाकडे वही घेऊन जावे, त्यांना तारीख, ठिकाण आणि साक्षीदार विचारावेत, आणि जे ऐकले ते जुन्या कागदाशी ताडून पाहावे. प्राध्यापकांनीही, आपले लेखन कोण वाचणार, असे म्हणून कपाटातील टिपणे रद्दीत घालू नयेत. त्र्याऐंशीव्या वर्षी शेरवानींनी ग्रंथ पुरा केला. मग सत्तरीच्या अध्यापकाला आपल्या तालुक्याची शंभर पाने जड वाटू नयेत.