तेरा एकरांतले तीन

मागच्या वीकएंडला कोल्हापूरला गेलो होतो. मावशीकडे चहा पिताना जयप्रभा स्टुडिओचा विषय निघाला आणि मी सुटलोच.. कलानगरी, वारसा, बिल्डर वगैरे वगैरे. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि तू बसलायस ते घर कुठल्या जागेवर आहे म्हणं? हा पण स्टुडिओचाच माळ की रे. खरेदीच्या आधी मी स्वतः येऊन बघून गेलो होतो." (कोल्हापूरच्या बायका 'गेलो' असंच म्हणतात, टायपो नाही!)

माझी बोलतीच बंद.

मग पुण्याला परत येताना बसमध्ये हाच किडा डोक्यात. थोडा इतिहास सांगतो. प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. गावात सिनेमा टिकावा म्हणून राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभं राहिलं. अक्कासाहेब महाराजांचं शालिनी सिनेटोन रंकाळ्याजवळचं. पुढे 40 च्या दशकात कोल्हापूर सिनेटोन भालजी पेंढारकरांकडे आलं. जयसिंह आणि प्रभाकर या मुलांच्या नावांवरून झालं 'जयप्रभा'.

जागा होती सुमारे 13 एकर. एवढी कशाला? तर भालजींचे ऐतिहासिक सिनेमे आठवा. घोडी पळवायची, मावळे धावायचे, किल्ल्याचा सेट लावायचा. हे काय बंद हॉलमध्ये होणार? म्हणजे स्टुडिओ म्हटलं की आपल्याला इमारत दिसते, पण खरा स्टुडिओ तो माळच होता.

1948 मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत स्टुडिओ जळाला. 'मीठभाकर'ची रिळं गेली, सिनेमा पुन्हा करावा लागला. भालजी कर्जात बुडाले, आणि 1959 मध्ये लता मंगेशकरांनी स्टुडिओ घेतला. भालजी पुढेही तिथेच काम करत राहिले. नंतर बऱ्याचशा जागेचे प्लॉट पडले, कॉलनी झाली. स्टुडिओकडे उरले तीनेक एकर.

लोक रस्त्यावर उतरले ते या तीन एकरांसाठी! 2012 मध्ये विक्रीची चर्चा निघाली तेव्हा आंदोलन झालं, मग वारसा यादी, कोर्टकचेरी. फेब्रुवारी 2022 मध्ये लतादीदी गेल्या आणि त्याच महिन्यात कळलं की व्यवहार 2020 मध्येच झाला होता. गेटसमोर उपोषणं सुरू झाली. मूळ जागा सिनेमासाठीच दिलेली होती, हा आंदोलकांचा मुख्य मुद्दा. मला तो पटतो. पण मग हाच मुद्दा आधीच्या दहा एकरांना लागू नव्हता का? तेव्हा आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांना घरं हवी होती. शालिनीच्या बाबतीत निदान ले-आउट करताना काही भूखंड स्टुडिओसाठी राखून ठेवले होते. पुढे त्यांच्यावरूनही महापालिकेत वाद झालेच, पण वाद घालायला कागदावर काहीतरी होतं.

असो. खरी गंमत पुढे आहे. मावशीच्या शेजारचा बंगला आता विकला गेलाय. प्लॉटचे दोन भाग होणार आणि दोन्हींवर अपार्टमेंट. गल्ली हादरलीये. पाणी आधीच कमी दाबाने येतं, ड्रेनेज जुनं, गाड्या लावणार कुठे? हरकतीचा अर्ज लिहून द्यायचं काम इंजिनिअर भाच्याकडे आलंय.

आधी वाटलं, कुठल्या तोंडाने लिहू? माळ तोडून आलेलेच आता तोडू नका म्हणतायत. पण नंतर वाटलं, जमीन वाटली जाणारच. माणसं वाढतात, घरं लागतात. भांडायचं ते वाटताना काय राखायचं यावर, आणि तेही पहिल्या तुकड्याच्या वेळी, शेवटच्या नव्हे.

म्हणून अर्जात "बांधकाम नको" असं लिहिलंच नाही. पाण्याची लाइन किती कुटुंबं पेलेल, ड्रेनेजचं काय, प्रत्येक फ्लॅटला आवारातच पार्किंग आहे का, आणि कॉलनीची ओपन स्पेस नकाशावर कुठे आहे, एवढेच चार प्रश्न विचारलेत.

मावशीला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, "चौथा पहिल्यांदा घाल."

घातला.