तीन निशाणांचे राज्य

1209 साली रिगा शहरात एका राजाने आपले राज्य चर्चला देऊन टाकले आणि तेच राज्य तीन निशाणांसह परत घेतले. राजाचे नाव विस्वाल्दिस, राज्य जेर्सिका. आजच्या लाटवियात, दाउगावा नदीच्या उजव्या काठावर, रिगापासून दीडशे किलोमीटरहून अधिक वर या राज्याचा गढीवजा किल्ला होता. आपलेच राज्य निशाण हातात घेऊन दुसऱ्याकडून स्वीकारायचे, ही रीत आली कुठून? ती त्या नदीकाठची नव्हती. जर्मनांबरोबर ती समुद्रमार्गे आली होती आणि तिच्यामागे बराच इतिहास होता.

आधी जेर्सिकाची स्थिती पाहू. प्रजा लाटगालियन. चर्च ऑर्थोडॉक्स पंथाचे, कारण नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या पोलोत्स्कच्या रशियन राजांचा इथे वचक होता. नदीपलीकडे अजून मूर्तिपूजक असलेले लिथुआनियन. विस्वाल्दिसची राणी त्यांच्याच एका सरदाराची, दाउगेरुतिसची मुलगी. खालच्या अंगाला 1201 साली बिशप आल्बर्टने रिगा वसवले आणि पुढच्याच वर्षी तलवारबंधू नावाचा लढाऊ धर्मसंघ उभा राहिला. शेजारच्या कोकनेसेच्या राजाने 1208 मध्ये स्वतःचाच किल्ला जाळून रशियाची वाट धरली. जर्मन आणि जेर्सिका यांच्यामधला आडोसा त्या दिवशी संपला.

पुढची हकीकत कळते ती हेन्री नावाच्या पाद्र्याच्या लॅटिन बखरीतून. हेन्री लाटगालियनांमध्येच धर्मकार्य करत होता, पण माणूस बिशपचा होता, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी लागते. तरी त्याने लपवले फार थोडे. 1209 च्या शरदात आल्बर्टचे सैन्य आले. बाहेर पडलेले जेर्सिकाचे लोक माघारी पळाले आणि त्यांच्या पाठोपाठ जर्मन वेशीतून आत घुसले. राणी, तिच्या सोबतच्या स्त्रिया आणि मुली कैद झाल्या. कपडे, चांदी आणि गुरेढोरे लुटली गेली. चर्चमधल्या घंटा आणि पवित्र चित्रेही सुटली नाहीत. ख्रिस्ती सैन्याने ख्रिस्ती चर्चच्या घंटा उतरवून नेल्या, ही गोष्ट हेन्री लुटीच्या यादीत सहज नोंदवून पुढे जातो. दुसऱ्या दिवशी किल्ल्याला आग लावली. राजा होडीने नदीपार निसटला होता. पलीकडच्या काठावरून त्याने ती आग पाहिली आणि वाडवडिलांच्या नगराला हाका मारत आक्रोश केला, असे हेन्री सांगतो.

आल्बर्टने निरोप धाडला : मूर्तिपूजकांची संगत सोड, रिगाला ये, राणी आणि कैदी परत मिळतील. विस्वाल्दिस गेला. सनद झाली. आउतिने, चेस्वाइने अशा काही ठाण्यांवरचा हक्क त्याने सोडला, बाकीचे राज्य मेरीमातेच्या चर्चला अर्पण केले आणि तीन निशाणे घेऊन तेच मांडलिक म्हणून परत मिळवले.

निशाणच का? युद्धात माणसे निशाणाखाली गोळा होतात. एखाद्या मुलखाचे निशाण हाती देणे म्हणजे त्या मुलखाची फौज उभी करण्याचा आणि तिथे हुकूम चालवण्याचा अधिकार देणे. जर्मन साम्राज्यात ही खूण बाराव्या शतकात पक्की झाली. 1122 च्या वोर्म्सच्या तहानंतर बिशपांना त्यांची जहागीर राजदंडाच्या खुणेने मिळू लागली. सरदार-ड्यूकांसाठी निशाण राहिले. 1156 मध्ये रेगेन्सबुर्गला ही रीत ऐन भरात दिसते. बव्हेरिया कोणाचा या तंट्यात तिथला ड्यूक हेन्री यासोमिर्गोट याने बव्हेरियाची सात निशाणे सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या हाती दिली. सम्राटाने ती दुसरा दावेदार हेन्री द लायन याच्याकडे सोपवली. लायनने त्यांतली दोन, पूर्वेच्या सरहद्दीच्या मुलखाची, परत केली आणि सम्राटाने तीच दोन यासोमिर्गोट आणि त्याची बायझंटाइन बायको थिओडोरा यांना दिली. ऑस्ट्रियाची डची जन्मली ती अशी. एवढा मोठा तंटा काठ्यांना बांधलेल्या, हातोहात फिरलेल्या कापडावर मिटला, म्हणून मला हा प्रसंग सगळ्या हकीकतीत सर्वांत बोलका वाटतो.

हा प्रसंग नोंदवणारा फ्रायझिंगचा बिशप ओटो आणखी एक नियम सांगतो, आणि जेर्सिकाचे मर्म त्यातच आहे. दरबारी रिवाजाप्रमाणे राज्य दिले-घेतले जाते ते तलवारीने, प्रांत दिला-घेतला जातो तो निशाणाने. 1152 मध्ये मर्झेबुर्गला डेन्मार्कच्या गादीचा वाद सुटला तेव्हाची ही नोंद. आता विस्वाल्दिसकडे पाहा. बखरकार हेन्री त्याला सतत राजाच म्हणतो, सनदेतही तो राजाच आहे. पण हाती आली ती निशाणे. शब्द राजाचा राहिला आणि रीत ड्यूकची झाली. स्वतः आल्बर्टने आपला मुलूख 1207 मध्ये जर्मन राजा फिलिपकडून जहागीर म्हणून घेतला होता. स्वतःकडेच राजेपण नसलेला बिशप दुसऱ्याला ते कुठून देणार?

हा नुसता मानपानाचा मुद्दा नव्हता. 1212 मध्ये पोलोत्स्कचा राजा व्लादिमीर आणि आल्बर्ट यांची भेट जेर्सिकालाच झाली. लढाई होता होता टळली आणि व्लादिमीरने लिव्ह या स्थानिक लोकांच्या खंडणीवरचा हक्क सोडला. जेर्सिकाला रशियन आधार उरला नाही. 1214 मध्ये कोकनेसेच्या जर्मन सरदारांनी विस्वाल्दिसवर आरोप ठेवला : निशाणे घेतल्यापासून हा आपल्या धन्याच्या, बिशपच्या, भेटीला आला नाही आणि लिथुआनियनांना मदत करतो. मग रात्री चालून जाऊन त्यांनी जेर्सिका लुटले. पुढच्या वर्षी पुन्हा आले, तेव्हा मात्र विस्वाल्दिसने लिथुआनियन बोलावले होते आणि कोकनेसेचा सरदार माइनहार्ड मारला गेला. 1209 चा हल्ला परक्यावरचा हल्ला होता. 1214 चा हल्ला बेइमान मांडलिकाला शिक्षा म्हणून मांडता आला. निशाणांनी हा फरक केला, आणि माझ्या मते जेर्सिकाचे खरे नुकसान आगीपेक्षा त्याने झाले. पुढे तिथे सत्ता जर्मन धर्मसंघाची झाली आणि 1275 च्या सुमारास त्याच नदीवर, आणखी वर, संघाने ड्युनाबुर्गचा किल्ला बांधला.

रीत मात्र बाल्टिकच्या काठी टिकली. 10 एप्रिल 1525 रोजी क्राकोच्या चौकात जर्मनांच्या ट्यूटॉनिक या लढाऊ धर्मसंघाचा शेवटचा प्रशियन प्रमुख आल्ब्रेख्ट पोलंडचा राजा सिगिस्मुंड याच्यापुढे गुडघे टेकून बसला आणि प्रशियाचा ड्यूक म्हणून निशाण घेऊन उठला. निशाणावर काळा गरुड, गरुडाच्या छातीवर सिगिस्मुंडच्या नावाचे पहिले अक्षर. ज्या जर्मनांनी जेर्सिकाच्या राजाला मांडलिक केले, त्यांच्याच एका संघाचा प्रमुख आता मांडलिक झाला होता. पण प्रशिया जेर्सिकाइतका एकटा नव्हता. 1657 मध्ये त्याच्या ड्यूकने ते मांडलिकत्व झुगारले आणि 1701 मध्ये क्योनिग्सबर्गला त्याच्या मुलाने राजमुकुट धारण केला.