त्वचारोगाचें माप : तळव्यापासून यंत्रापर्यंत

अंगावर एखादा फिकट डाग दिसूं लागला, कीं घरांत वैद्याच्या आधीं भीति शिरते. अकोला जिल्ह्यांतील बार्शीटाकळी घ्यावी किंवा वऱ्हाडांतील दुसरें कोणतेंहि गांव घ्यावें, या भीतीचें कारण एकच आहे. दोन अगदीं भिन्न रोग लोकांच्या मनांत एकत्र बांधले गेले आहेत. कोडांत त्वचेचा रंग तेवढा जातो. तें कोणास लागत नाहीं. कुष्ठ हा जंतूंपासून होणारा रोग असून ते जंतु नॉर्वेच्या हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं शोधून काढले. तथापि कोडासहि 'श्वेतकुष्ठ' हें नांव पडलें, आणि त्या नांवापायीं कित्येक निरोगी माणसांस विवाहाच्या व पंक्तीच्या बाहेर बसावें लागलें.

अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं तपोवनाचें कार्य आरंभिलें, त्या काळीं वैद्यापाशीं मुख्य साधनें दोनच होतीं. डोळ्यानें चट्टा पाहावयाचा आणि कापसाच्या स्पर्शानें तो बधिर आहे किंवा नाहीं हें ठरवावयाचें. रोग ओळखण्यास हें पुष्कळ होतें. परंतु महिनोन्‌महिने औषध चालल्यावर चट्टा वाढला कीं आटला, हें सांगावयाचें तर माप हवें.

असें एक माप मनुष्याच्या हातांतच होतें. बोटांसह तळवा म्हणजे अंगाच्या त्वचेचा सुमारें शंभरावा भाग, असें धरून चट्टे मोजण्याची रीत पडली. वस्तुतः तळवा त्याहून कांहींसा लहानच असतो. पुढें १९७८ सालीं फ्रेडरिक्सन व पेटर्सन यांनीं सोरायसिस या खवल्यांच्या रोगासाठीं गुणांची पद्धति घातली. लाली, जाडी व खवले यांस शून्य ते चार, आणि व्याप्तीस शून्य ते सहा गुण द्यावयाचे. मग डोक्यास एक दशांश, हातांस दोन, धडास तीन व पायांस चार दशांश वजन देऊन बेरीज करावयाची. ती फार तर ७२ होते. पद्धति चांगली, पण गुण देणारा डोळा माणसाचा. एकाच रोग्यास दोन वैद्यांकडून दोन आंकडे मिळूं लागले.

येथें संगणक उपयोगीं पडतो. छायाचित्र म्हणजे त्याच्या दृष्टीनें लक्षावधि बारीक ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग तो तीन आंकड्यांत वाचतो. रोगट त्वचेचे ठिपके निरोगी त्वचेच्या ठिपक्यांपासून वेगळे केले, कीं व्याप्ति केवळ मोजणीनें निघते. प्रकाश व अंतर तेंच ठेवलें, तर आजचें चित्र सहा महिन्यांपूर्वींच्या चित्राशीं ताडून पाहतां येतें.

मात्र यंत्र जें शिकतें तें त्याला दाखविलेल्या चित्रांवरून. फिट्झपॅट्रिक यांनीं १९७५ सालीं केलेली त्वचेची वर्गवारीहि आरंभीं गोऱ्या त्वचेपुरतीच होती. सांवळ्या व काळ्या त्वचेचे वर्ग तींत मागाहून आले. गोऱ्या अंगावर लाल दिसणारा दाह सांवळ्या अंगावर जांभळट वा तपकिरी दिसतो. त्यामुळें रोग आहे त्याहून सौम्य ठरण्याचा धोका असतो. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२२ सालीं ६५६ चित्रांवर अशा यंत्रविद्येची परीक्षा घेतली, तेव्हां काळ्या त्वचेवर तिची अचूकता घटलेली आढळली. उलट कोडाचा पांढरा डाग सांवळ्या त्वचेवर उठून दिसतो. तेथें हीच मोजणी अधिक भरंवशाची ठरते.

बधिरपणा मात्र कोणत्याहि छायाचित्रांत उतरत नाहीं. म्हणून बार्शीटाकळीच्या रोग्यासाठीं यंत्र वापरावयाचें, तर प्रथम वऱ्हाडी माणसांच्या त्वचेचीं पुरेशीं चित्रें त्याच्यापुढें ठेविलीं पाहिजेत; आणि डाग कोडाचा कीं कुष्ठाचा, हें ठरवितांना कापसाचा तो जुना बोळा हातीं घेतलाच पाहिजे. डागाची वाढ यंत्र मोजील. त्याचें खरें नांव सांगून घरांतील भीति घालविण्याचें काम वैद्याकडेच राहील.